रिकाम्या गावातला पेनड्राइव्ह

मितेशचा फोन आला तेव्हा आकांक्षा तीन दगडांच्या चुलीवर बांगड्याचं तिखलं करत होती. मितेश तिचा नवरा, मालवाहू जहाजावर इंजिनिअर. जहाजावरचं वायफाय मेहेरबान झालं तरच त्याचा फोन लागायचा, आणि लागायचा तोही नेमका हिचे हात मसाल्यात माखलेले असताना. तिनं करंगळीनं फोन उचलला, आवाज धड यावा म्हणून स्पीकर लावला आणि झोपडीच्या भिंतीला टेकून बसली. भिंत म्हणजे काय, तर उभ्या बांधलेल्या माडाच्या झावळ्या. तिच्या पलीकडे सासरे सुंभ वळत बसले होते, त्यांना सगळे दाजी म्हणायचे. सासूबाई काशीबाई नातीला, तन्वीला घेऊन खाडीवर गेल्या होत्या.

“घरातलो पेनड्राइव्ह खंय आसा?” मितेशनं विचारलं.

ना ‘बरी आसंस?’, ना लेकीची चौकशी.

“असतलो खंय? देव्हाऱ्याच्या पाटाखाली, डबयेत. कित्याक?”

“आणि तुमी सगळी खंय आसात?”

“गावपळण न्हय? वेशीभायर आसंव, खाडीच्या पल्याड.”

मग मितेश म्हणाला, “म्हणजे घराक कोण नाय.”

“घराक सोडा, अख्ख्या गावात कोण नाय.” हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

गावपळण ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती थाप वाटते, पण मालवणकडच्या काही गावांत ती अजून चालते. या गावातही काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल घ्यायचा, आणि देवानं हो म्हटलं की सगळ्यांनी गाव सोडून वेशीबाहेर जायचं. म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी. चुली विझवायच्या, घरात दिवा ठेवायचा नाही. मग तीन दिवस गाव देवाचं आणि त्याच्या राखणदारांचं. त्या काळात वेशीच्या आत पाऊल टाकलं तर काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणी कधी टाकलंच नव्हतं. शिवाय या गावाची आणखी एक ऐट होती. जाताना दाराला नुसती कडी घालायची, कुलूप नाही. कुलूप लावणं म्हणजे तुझ्या राखणीवर आमचा भरवसा नाही असं देवाला तोंडावर सांगणं. आजवर एका घरातली वाटी इकडची तिकडे झाली नव्हती.

आता त्या डबीबद्दल. मितेशनं आजवरच्या सगळ्या सफरींची बचत बिटकॉइनमध्ये घातली होती. या पैशाची गंमत अशी, की तो कुठल्या बँकेत नसतो. ज्याच्या हाती किल्ली, त्याचे पैसे. आणि किल्ली म्हणजे पेनड्राइव्हमधली एक बारकीशी फाइल. ती गेली तर दाद मागायला जगात एकही खिडकी नाही. म्हणून मितेशनं दोन प्रती केल्या होत्या, एक स्वतःच्या केबिनमध्ये आणि एक घरी. फाइलला लांबलचक पासवर्ड होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, फक्त नवराबायकोच्या डोक्यात होता. इथल्या खाऱ्या वाऱ्यात पितळेची कुलपं हिरवी पडतात तिथं पेनड्राइव्हची काय कथा, म्हणून आकांक्षानं तो बुटांच्या खोक्यात येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट स्टीलच्या डबीत घातला होता आणि झाकणाला मेण लावलं होतं. अधूनमधून लॅपटॉपचं इंटरनेट बंद करून ती तो लावून बघायची, फाइल उघडते ना, आणि पुन्हा मेण. मितेशनं घालून दिलेला नियम एकच होता. डबी आणि तू एकाच वेळी परक्याच्या हाती लागायचं नाही. कुणाला डबी सापडली तर पासवर्ड सापडू नये, आणि तू सापडलीस तर डबी.

म्हणूनच गाव सोडताना तिनं डबी घरात ठेवली. झोपडीला दार नाही, तन्वी हाताला लागेल ते खाडीत भिरकावते, दिवसभर दहा माणसं आत डोकावतात. त्यापेक्षा रिकामं गाव बरं. लॉकरला पगारी पहारेकरी असतो, इथं तर साक्षात देव बसलेला.

पैसा कुठं आहे हे घरात बाकी कुणाला ठाऊक नव्हतं, पण कशासाठी आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. ही मितेशची शेवटची सफर. उतरला की कट्टा नावाच्या जवळच्या बाजारगावी जागा घेऊन बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप टाकायचं होतं. पैसा गेला तर पुन्हा वर्षानुवर्षं समुद्र. तन्वी आत्ताच बापाला ‘फोनातलो बाबा’ म्हणायची.

“काय झाला ता सांगा आधी,” आकांक्षा म्हणाली.

“माझो ड्राइव्ह गेलो. केबिनीत नाय. सगळा उलथापालथा करून बगलंय.”

“पडलो असात खंयतरी.”

“तो नांदगावचो फिटर आठवता? म्हटलेलंय तुका. तो गेल्या आठवड्यात उतरलो. तेका सगळा म्हायत आसा.”

“सगळा म्हणजे?”

मितेश तसा तोंडाचा घट्ट. पण महिनोन्महिने तीच चार तोंडं बघून समुद्रावर माणसाला बोलायची भूक लागते, त्यात हा आपल्या मुलखातला भेटलेला. एकदा जेवताना बिटकॉइनचा विषय निघाला आणि मितेशनं आपली हुशारी सांगून टाकली, एक प्रत इथं, एक घरी. मग कधीतरी, वेगळ्याच गप्पांत, गावपळणीचं कौतुक. अख्खं गाव मोकळं, दाराला कुलूप नाही, तरी काडी हलत नाही. मागच्या पळणीचा व्हिडिओही दाखवला, आणि त्यात आपलं घर बोट ठेवून दाखवलं. गावच्या अभिमानानं छाती फुगलेली असली की आपण कुणाला काय सांगतोय याचं भान कुठलं राहायला?

“औंदाची पळण कधी, म्हणान इचारी होतो,” मितेश म्हणाला. “मी सांगलंय.”

“अरे देवा.”

“आता तोच एक ड्राइव्ह ऱ्हवलो गो. तो गेलो तर माका घराक येवक गावाचा नाय. आज रात गाव मोकळो आसा, उद्या तुमी परततल्यात. म्हणजे येवचो असलो तर तो आजच...” आणि आवाज तुटला. तिनं परत परत लावून पाहिला, फोन काही लागला नाही.

तिखल्याला करपल्याचा वास यायला लागला तेव्हा ती भानावर आली. भांडं उतरवताना हाताला चटका बसला, तोही तिला उशिरा कळला. पाचावर धारण बसणं म्हणतात ते हेच असावं.

सांगायचं कुणाला? पोलिसांना फोन केला तर ते गाडी घेऊन थेट गावात शिरणार, पळण मोडणार, आणि वर चारचौघांत विचारणार की बाई, असं ठेवलंय काय घरात? गावातल्या पोरांना सांगितलं तरी तीच गत. एकदा का कळलं की या घराच्या देव्हाऱ्याखाली काय आहे, मग ते पुढं कधी लपायचं नाही. नांदगावच्या एका फिटरला कळलं तर ही वेळ आली, पंचक्रोशीला कळलं तर काय होईल? आणि दाजींना तर सांगायची सोयच नव्हती. देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणं, आणि ते बोलण्यात दाजींचं सगळं आयुष्य गेलेलं. लहानपणी पळणीत त्यांचा चेंडू वेशीच्या आत गेला तर तो तसाच सोडून ते रडत परत आले होते, आणि ही गोष्ट ते अजून नातीला सांगायचे.

ती उठली. शेजारच्या झोपडीतल्या विमलाकाकीला म्हणाली, “तन्वीक खोकलो झालो. कट्ट्याक जावन औषध हाडतंय. आईक सांगा.” काकीनं मान डोलावली. दाजी बसले होते तिथं नुसतं अर्धवट वळलेलं सुंभ पडलेलं होतं. गेले असतील भजनाच्या मांडवात, असं तिनं धरून चाललं.

रस्त्यानं जाण्यात अर्थ नव्हता, पुलाजवळ गावची पोरं पहाऱ्याला बसलेली. ओहोटीच्या गुडघाभर पाण्यातून खाडी ओलांडून तिनं खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारवट शेतांच्या, बांधाची वाट धरली. भातं कापून झालेली, दोन्हीकडे चिखल आणि मधून एका माणसापुरती पायवाट. मागं वळून पाहायची हिंमत नव्हती, आणि न पाहिलं तर कुणीतरी पाठीमागून येतंय असं वाटत होतं. बांध संपतो तिथं वेशीचा दगड. त्यावर नारळ, वाहिलेली जास्वंद, शेंदूर अजून ओला दिसणारा. आकांक्षा बी.कॉम. झालेली. मालवणच्या कॉलेजात मैत्रिणींबरोबर या सगळ्याची टिंगल करून झालेली. पण त्या दगडापाशी ती थांबली. तिनं चपला काढून हातात घेतल्या, हात जोडले, काय म्हणावं ते सुचलं नाही, आणि डोळे मिटून ती आत गेली.

काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, पाय जळला नाही. पण त्यानं धीर यायच्या ऐवजी तिची भीती वाढली.

गावाचा आवाज कसा असतो हे गाव गप्प झाल्याखेरीज कळत नाही. कुठं भांडं वाजत नव्हतं, कोंबडी ओरडत नव्हती, कुत्रं अंगावर येत नव्हतं. एरवी या वाटेनं जाताना तुळसाआत्याच्या पडवीतून ‘खंय गो चल्लंस?’ आल्याशिवाय राहायचं नाही. आज पडवीत फक्त रिकामा झोपाळा होता. ऊन लख्ख पडलेलं, अंगणं सारवलेली, सगळ्या दारांना कड्या. भर दुपारी इतक्या स्वच्छ उजेडात माणसाला एवढी भीती वाटू शकते हे तिला नवीन होतं. रात्री निदान डोळे मिटून घेता येतात. पायांखाली वाळकं पान मोडलं तरी ती थांबून कानोसा घेत होती.

घराच्या मागच्या अंगानं ती आली आणि समोर वळसा घालून पाहते तो दाराची कडी काढलेली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज आला, लाकूड जमिनीवर घासल्याचा. पाट सरकवल्याचा आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता.

म्हणजे तो आला होता. फिटर. पाटापर्यंत पोचलासुद्धा. पळावं तर डबी जाणार, ओरडावं तर ऐकायला कोण? आपणच मघाशी म्हणालो होतो, अख्ख्या गावात कोण नाय. मग तिच्या मनात आलं की डबी त्याच्या हातात आहे आणि पासवर्ड इथं दारात उभा आहे. दोन्ही एका जागी. मितेशनं कधीही होऊ द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं तेच झालं, आणि ते तिनं स्वतः चालत येऊन केलं. तिनं तो पासवर्ड विसरायचा प्रयत्न केला. तर अक्षरन् अक्षर डोक्यात घुमायला लागलं.

पडवीच्या कोपऱ्यात नारळीच्या आळ्यासाठी ठेवलेली पहार होती. ती तिनं उचलली. जड होती. मारायची वेळ आली तर आपण मारू का, हे तिला ठाऊक नव्हतं, पण हात रिकामे नव्हते एवढंच. तिनं खांद्यानं दार ढकललं.

बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर आधी काहीच दिसलं नाही. मग देव्हाऱ्यापुढं जमिनीवर बसलेला एक माणूस दिसला. उघडा, वाळका, दोन्ही हातांत डबी धरलेली. दाराचा आवाज होताच त्यानं वर पाहिलं, आणि असा भेदरलेला चेहरा आकांक्षानं जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या क्षणी त्या माणसानं दाराकडं वळून जमिनीला कपाळ टेकलं.

“म्हाराजा, चुकलंय,” तो म्हणत होता. “माझो म्हाताऱ्याचो घास घे. माझ्या पोरांका हात लावा नको, म्हाराजा.”

ते दाजी होते. उन्हाला पाठ करून दारात उभी राहिलेली, हातात पहार घेतलेली ती सावली त्यांना राखणदाराची वाटली होती.

“दाजी,” आकांक्षा म्हणाली. “दाजी, मी आसंय. आकांक्षा.”

ते तसेच पडून राहिले. तिनं पहार टाकली आणि जवळ जाऊन त्यांच्या पाठीला हात लावला, तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. सासरे सुनेच्या पाया पडले होते. पण लाज वाटायला अंगात त्राण लागतं, ते त्या घडीला दोघांतही नव्हतं.

“तुमी कशाक इल्यात हय?”

“आयकलंय मी. झिलाचा बोलणा.” त्यांना धाप लागली होती. “माका त्यातला काय एक कळाक नाय. पैशे त्या येवढ्याशा डबयेत कसे मावतत, देवाक ठावक. येवढाच कळला की ही डबी गेली तर झील घराक येवचो नाय.”

“माका सांगूचा होता. मी इलंय असतंय.”

“म्हणानच सांगलंय नाय. तू येतलंस ह्या माका दिसला होता. तू पोरवाली बाय. म्हटलंय, देवाक काय करूचा असात ता माझा करूंदे.” त्यांनी डबी तिच्या ओंजळीत ठेवली. “बग, हीच मां?”

हीच होती. मेण तसंच होतं. आकांक्षाला रडू यायला लागलं, आणि ते सुटका झाल्याचं होतं की भीतीचं, हे तिला सांगता आलं नसतं.

“आता चल,” दाजी म्हणाले. “तो भाडखाव येवच्या आधी भायर पडाक व्हया. आणि एक आयक. तू आज हय इलंसच नाय. मी एकटोच इलंय.”

दाराची कडी तिनं घातली. आधी दाजी माडांमधून गेले. ते दिसेनासे झाल्यावर ती बांधाकडं निघाली, डबी ओढणीत बांधून पोटाशी धरलेली. प्रत्येक घरावरून जाताना ती मान खाली घालून चालत होती. कुणी नव्हतं, तरीही.

संध्याकाळी फोन लागला. मितेश हसत होता.

“सापडलो गो,” तो म्हणाला. “बॉयलरसुटाच्या आतल्या खिशात. सूट धुवक गेलो होतो, लाँड्रीवाल्यान आणून दिल्यान. चालता आसा, लावन बगलंय. मी उगाच त्या फिटराक शिव्या घातलंय. तेचा लगीन ठरलाहा, घराक बसान पत्रिका धाडता बिचारो.”

आकांक्षानं ओढणीत बांधलेली डबी चाचपली.

“आयकतंस मां? तू भियालंस काय? घरातलो आसा तो आसांदे थय. उद्या जातल्यात मां घराक?”

“व्हय,” ती म्हणाली.

त्या रात्री दाजी जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. आकांक्षा दोनदा त्यांच्याजवळ जाऊन आली. काय सांगणार होती? की दाजी, चोर नव्हताच, कोण येणार नव्हतं, तुम्ही उगाच गेलात? ज्या माणसानं जन्मभर पाळलेली गोष्ट आपल्या पोरासाठी मोडली, त्याला ते फुकट गेलं असं कुठल्या तोंडानं सांगायचं? सकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. आणि सकाळी दाजी अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, पुरुषांच्या घोळक्यात पुढं निघूनही गेले होते.

देऊळ वेशीला लागूनच, पण बाहेरच्या अंगाला, खाडीच्या काठावर. गाव परतायच्या आधी तिथं गाऱ्हाणं घालायचं, मग पुजाऱ्यानं कौल लावायचा, देवानं हो म्हटलं की वाजतगाजत घरी. सगळं गाव जमलं होतं, बोचकी बांधून, गुरांना दावी लावून. बायका मागं उभ्या होत्या. आकांक्षाच्या कडेवर तन्वी होती आणि कमरेला ओढणीत डबी. दाजी देवासमोर उभे राहिले. त्यांनी हात जोडले आणि ते नेहमीच्या खणखणीत आवाजात बोलायला लागले.

“बा देवा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” सगळं गाव एका सुरात म्हणालं. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक बोलानंतर असंच म्हणायचं असतं.

“तुझ्या सबदावर तुझ्या लेकरांनी गाव सोडल्यानी...”

“व्हय म्हाराजा.”

“गुरा, वासरा, पोरा, बाळा घेवन वेशीभायर ऱ्हवली...”

“व्हय म्हाराजा.”

पुढचा बोल पोराटोरांनाही पाठ होता. तुझी वेस कोणी ओलांडूक नाय. दाजी तिथं थांबले. आकांक्षाला त्यांची फक्त पाठ दिसत होती. म्हणा, दाजी, ती मनात म्हणाली. म्हणून टाका एकदाचं.

“तुझी वेस,” दाजी म्हणाले, “एकान ओलांडल्यान.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणालं.

सवयीनं म्हणून गेलं, आणि मग कळलं. एकेक करून माना वळायला लागल्या. मागं कुणाचं तरी मूल रडत होतं, त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या मानकऱ्यांच्या घरातले गंगाराम पुढं झाले. वयानं दाजींच्या बरोबरीचे, लहानपणापासूनचे सोबती.

“दाजी, काय बोलतंस तू? कोणी ओलांडल्यान?”

“मी.”

“कशाक?”

आकांक्षानं ओढणीवरून डबी घट्ट धरली. आता ते सांगणार. देवासमोर ज्या माणसाला खोटं बोलता आलं नाही, तो माणसांसमोर कशाला बोलेल? आता सगळ्यांना कळणार. दाजींनी वळून गावाकडं पाहिलं, त्या गर्दीत तिला शोधलं, आणि तिच्याकडं बघत ते म्हणाले, “तंबाखू इसारलंय होतंय घराक. ऱ्हवाक नाय माका.”

आधी कुणाला खरंच वाटेना. मग मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, “तंबाखूसाठी?” आणि बांध फुटल्यागत सगळे बोलायला लागले, की आता घरी जाणं लांबलं. कुणाचं भात झोडायचं राहिलं होतं, कुणाची सून दिवस भरलेली झोपडीत पडली होती. तंबाखूसाठी म्हाताऱ्यान गाव बुडवल्यान. काशीबाई गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. “माझ्या पिशयेत होती ओ पुडी,” त्या म्हणत होत्या. “माझ्याकडे मागूची होती.” त्या पुनःपुन्हा तेवढंच म्हणत राहिल्या.

आकांक्षानं तोंड उघडलं होतं. मी पण गेले होते, ते माझ्यासाठी गेले, तंबाखूचं खोटं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यानंतर ‘मग कशाक?’ आलं असतं, आणि त्याचं उत्तर तिच्या कमरेला बांधलेलं होतं. आज ते सगळ्यांना कळलं की उद्यापासून प्रत्येक रात्री दाराची कडी वाजल्याचा भास, तन्वी अंगणात दिसली नाही की जीव टांगणीला, मितेश येईपर्यंत आणि आल्यावरही. हा विचार तिनं केला हे खरं. पण त्याच्याही आधी ती नुसती घाबरली, हे जास्त खरं. एवढ्या माणसांनी आपल्याकडं तसं बघावं, याची तिला भीती वाटली. तिनं तोंड मिटलं.

पुजाऱ्यानं कौल लावला नाही. पळण पहिल्यापासून पुन्हा करायची ठरली, म्हणजे आणखी तीन दिवस बाहेर. पुढचं गाऱ्हाणं गंगाराम घालतील, आणि यापुढं नेहमी तेच घालतील, असंही तिथंच ठरलं. दाजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बोचकी पुन्हा सुटली, चुलींचे दगड पुन्हा मांडले गेले. गंगाराम दाजींच्या शेजारून गेले, पण थांबले नाहीत.

दुपारी आकांक्षा पेज घेऊन गेली तेव्हा दाजी खाडीच्या कडेला एकटेच बसले होते. त्यांच्या आजूबाजूच्या झोपड्यांतले लोक दुसरीकडं सरकले होते. ती जवळ जाऊन बसली. पेजेवर सुकटीची चटणी होती, त्यांना आवडते म्हणून तिनं मुद्दाम केलेली.

“ती वस्तू बरी आसा मां?” त्यांनी हळूच विचारलं.

“आसा.”

“कोणाक कळाक नाय मां?”

“नाय.”

“मितेशचो फोन इलो?”

आत्ता सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, पाण्याचा आवाज होता, कुणी ऐकलंही नसतं. दाजी तिच्याकडं बघत होते आणि त्यांचे डोळे रात्रभर न झोपल्यानं लाल झाले होते.

“नाय इलो,” आकांक्षा म्हणाली.

“येतलो,” दाजी म्हणाले. “आता काय भिया नाय. आता तो घराकच येतलो.”

त्यांनी पेजेची वाटी हातात घेतली. आकांक्षा मान खाली घालून बसली, आणि ते जेवायला लागले.